ओंजळीत मावणारे कुत्रे

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ज्या क्रेटवर भाव पुकारला जातो त्यात सुमारे २० किलो माल मावतो. आणि मळ्यातल्या वस्तीवर भाकरीच्या तुकड्यावर नि ताकावर पोसलेला, रात्री उसाच्या कडेने फिरून राखण करणारा आपला गावठी कुत्राही भरल्या अंगाचा असला म्हणजे वजनाला साधारण तेवढाच, एका क्रेटाएवढा, भरतो. या मापाने पाहू गेले तर अलीकडे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील हमरस्त्यालगतच्या नव्या बंगल्यांतून, आणि शनिवार-रविवारी पुण्यामुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या मांडीवर, जे गोंड्यासारखे इवलेसे कुत्रे दिसू लागले आहे, त्याचे पूर्ण वाढीचे वजन त्याच क्रेटातल्या दहा-पंधरा टोमॅटोंहून अधिक नसते. त्याला कोणी टी-कप म्हणतात, कोणी पॉकेट, कोणी मायक्रो. त्या जिवाविषयी माझी काही तक्रार नाही. जे लिहावयाचे आहे ते त्याच्याच बाजूने, कारण इतके लहान असण्याची किंमत त्याला जन्मभर आपल्या हाडांनी, दातांनी आणि श्वासाने चुकती करावी लागते, आणि ती किंमत खरेदीच्या वेळी आपणांस कोणी सांगत नाही.

या मुलखाला कुत्रा नवा नव्हे. भीमाशंकरच्या डोंगररांगेतून निघून, डिंभ्याच्या धरणात विसावून आंबेगाव तालुका ओलांडणारी घोड नदी पुढे शिरूरकडे जाते. तिच्याच काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची जी वसाहत उजेडात आली, तीत गाईगुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली आहेत. म्हणजे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या खोऱ्यात माणसाच्या अंगणात कुत्रा होता. वडजच्या आणि धामणीच्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकास देवाच्या घोड्याबरोबर धावणारा कुत्रा ठाऊक आहे. दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे घरोघरच्या तसबिरींत आहेत. रानोमाळ मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याभोवती रात्री जे उंच, सडपातळ, कमी बोलणारे कुत्रे असतात, त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो, कारण बिबट्या प्रथम नरडे धरतो हे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. या कुत्र्यांची उंची, छाती आणि पल्ला कोणी कागदावर ठरविला नाही. कामाने, उन्हाने आणि वाघराने ठरविला.

तो बिबट्या आता अधिकच जवळ आला आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांचे पाणी शिवारात फिरले, ऊस झाला, आणि उसात बिबट्याची वीण होऊ लागली. इतकी की पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे स्वतंत्र निवारा केंद्र चालवावे लागते. हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. वीस किलोचा, दात आणि आवाज असलेला कुत्रा जेथे रात्रीत नाहीसा होतो, तेथे दीड किलोच्या जिवाची गणना काय करावी! त्याला बिबट्याचीही गरज नाही. मांजर, मुंगूस, घार, किंबहुना खेळण्याच्या भरात आलेले शेजारचे मोठे कुत्रेही त्याला पुरेसे आहे.

गेल्या हिवाळ्यातली एक हकिकत सांगतो. आमच्या शेजारी नातीच्या हट्टासाठी शहरातून एक पिल्लू आणले होते. विकणाऱ्याने ते ‘टी-कप’ जातीचे, दोन महिन्यांचे आणि याहून फारसे न वाढणारे आहे असे सांगितले होते, आणि पैसेही त्या मानाने घेतले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे, अंगणात दव पडलेले असता, नातीची आजी आमच्या दाराशी आली. पदराखाली काहीतरी होते. ‘‘भाऊ, बघा हो, पिल्लू थंड पडलंय, मान टाकलीय,’’ असे म्हणून तिने ते माझ्या हातावर ठेवले. मुठीएवढ्या त्या देहात क्षीण थरथर होती. डोळे अर्धवट, हिरड्या पांढऱ्या. फोनवर डॉक्टरांनी सांगितले त्याप्रमाणे ऊबदार कापडात गुंडाळून गुळाचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळत राहिलो, तोंडात ओतले नाही, कारण बेशुद्धीत ते श्वासनलिकेत उतरते. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने जीभ हलविली. दवाखाना उघडताच नेले, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून दुधाच्या दातांवरून बोट फिरविले आणि म्हणाले, ‘‘आजी, हे लहान जातीचं नाही, लहान वयाचं आहे. पाच आठवड्यांचंसुद्धा नसेल. आईपासून तोडून आणलंय.’’

त्या एका वाक्यात या व्यापाराचे निम्मे रहस्य आहे. उरलेले निम्मे समजण्यासाठी ‘टी-कप’ हा शब्द म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. तो जातीचा नव्हे, विक्रीचा शब्द आहे. जगातील कोणत्याही मान्यवर केनेल क्लबाने, आणि आपल्या केनेल क्लब ऑफ इंडियानेही, टी-कप नावाच्या जातीस किंवा उपजातीस मान्यता दिलेली नाही. लहान जाती आहेत. चिवावा आहे, पॉमेरेनियन आहे, यॉर्कशायर टेरियर आहे. अमेरिकन केनेल क्लबाच्या प्रमाणाप्रमाणे पॉमेरेनियनचे वजन सुमारे १.४ ते ३.२ किलो असावे आणि चिवावाचे २.७ किलोच्या वर जाऊ नये. हे प्रमाणही लहानच; पण ज्यांना टी-कप म्हणून विकतात ती याच जातींची, त्या प्रमाणाच्याही तळाशी किंवा त्याखाली नेलेली संतती असते. नेण्याचे मार्ग ठरलेले आहेत. वेतातले जे सर्वांत खुरटे पिल्लू निघेल त्याचा तशाच दुसऱ्या खुरट्याशी संयोग करावयाचा, त्यांच्या पिलांतले पुन्हा खुरटे निवडावयाचे, आणि खुरटी थोडीच असल्यामुळे भाऊबहीण, बाप-लेक असे नात्यातले संबंध पिढ्यान्‌पिढ्या घडवावयाचे. कोठे कोठे पिलांना मुद्दाम अर्धपोटी ठेवतात. आणि यांतले काहीच साधले नाही तर वय खोटे सांगतात, जसे आमच्या शेजाऱ्यांना सांगितले. वेतातले सर्वांत लहान पिल्लू लहान का राहिले, हा प्रश्न या धंद्यात कोणी विचारीत नाही; वस्तुतः पुष्कळदा ते गर्भात पोषण न मिळाल्यामुळे किंवा यकृत, हृदय यांत जन्मतःच काही उणे असल्यामुळे लहान राहिलेले असते, आणि तेच उणे आपण सौंदर्य म्हणून पुढच्या पिढीस वारसाने देतो.

येथे एक न्याय्य गोष्ट नमूद केली पाहिजे. कुत्र्याचे लहानपण ही स्वतः विकृती नव्हे. वाढीचे नियंत्रण करणाऱ्या आयजीएफ-१ या जनुकातील फरकामुळे कुत्रे लहान किंवा मोठे होतात हे २००७ मध्ये दिसून आले, आणि लहानपण देणारा बदल सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांतही सापडतो हे २०२२ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्या पुष्कळ आधीपासून निसर्गाच्या कोठारात ते बीज होते. सर्वसाधारणपणे लहान कुत्री अजस्र कुत्र्यांपेक्षा अधिक वर्षे जगतात हेही खरे. आपण गेली पन्नास-साठ वर्षे ज्याला ‘पामेरियन’ म्हणत आलो, ‘हम आपके हैं कौन’ या १९९४ च्या चित्रपटातील टफीमुळे जो घरोघर पोहोचला, तो वास्तविक भारतीय स्पिट्झ. इंग्रजी अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झपासून येथे वाढलेला, दख्खनच्या उन्हाला सरावलेला, पाच-सहा किलोंचा सुदृढ प्राणी. त्याच्याविरुद्ध मला एक अक्षर लिहावयाचे नाही. प्रश्न लहानपणाचा नाही, त्याच्या मर्यादेचा आहे.

ती मर्यादा कशी सरकत गेली याचा इतिहास फार जुना नाही. पॉमेरेनियन एके काळी १४ किलोंपर्यंतचे होते. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहानसा पॉमेरेनियन आणला, तो लोकांच्या डोळ्यांत भरला, आणि तिच्या हयातीतच या जातीचा आकार जवळजवळ निम्म्यावर आला. पण राणीचा तो ‘लहानसा’ मार्कोही साडेपाच किलोंच्या जवळपास होता. आज टी-कप म्हणून जे विकले जाते त्याच्या तिप्पट-चौपट. त्याच राणीकडे १८६० साली पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या लुटीतून इंग्रज सैन्याने आणलेली एक पेकिनीज कुत्री पोहोचली होती. तिचे नाव ‘लूटी’ ठेवण्यात आले. आपल्याच देशातून इंग्रजीत गेलेला ‘लूट’ हा शब्द अशा रीतीने एका निरपराध जनावराच्या गळ्यात पडला, हे वाचताना मला नेहमी वाईट वाटते.

आता शरीराचा हिशेब. कोणत्याही प्राण्याची लांबी-रुंदी-उंची निम्मी केली की वजन अष्टमांश होते, पण कातडीचे क्षेत्र चतुर्थांशच होते. म्हणजे जितका देह लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने ऊब निसटून जाण्याचा पृष्ठभाग मोठा. ही ऊब टिकविण्यासाठी त्याला सतत इंधन जाळावे लागते. पण इंधनाचे कोठार जे यकृत, तेही इवलेसे. स्नायू आणि चरबी नावापुरती. आणि साखरेवर जगणारा मेंदू मात्र देहाच्या मानाने मोठा. परिणामी अशा पिलाने चार-सहा तास काही खाल्ले नाही, किंवा प्रवासाने, थंडीने, जंतांनी ते हैराण झाले, की रक्तातील साखर उतरते. प्रथम सुस्ती, मग पाय लटपटणे, मग झटके, मग बेशुद्धी आणि मृत्यू. पौष-माघातल्या रात्री आपल्याकडे फरशी बर्फासारखी गार पडते. त्या फरशीवर, आईच्या उबेवाचून, एका वेळच्या जेवणावर ठेवलेले असे पिल्लू सकाळी मेलेले आढळले तर ‘काही तरी चावले असेल’ असे म्हणून लोक विषय संपवितात. पुष्कळदा चावलेले काही नसते.

दातांचे पाहा. कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात असतात. धनगराच्या कुत्र्याला ४२ आणि ओंजळीतल्या कुत्र्यालाही ४२च. जबडा अंगठ्याएवढा झाला तरी दातांची संख्या कमी होत नाही. ते एकमेकांवर चढतात, दुधाचे दात पडत नाहीत, फटींत अन्न कुजते, हिरड्या झडतात, आणि जबड्याचे नाजूक हाड आतून इतके विरते की कधी कधी दात काढतानाच ते मोडते. तोंडाला वास येतो म्हणून मालक त्याला दूर सारतो. त्या वासामागे रोजचे दुखणे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

डोक्याचा प्रकार याहून गंभीर. माणसाच्या बाळाची टाळू भरून येते तशी पिलाचीही यावयास हवी. पण अतिलहान चिवावांत ती पुष्कळदा उघडीच राहते, आणि हे जातीचे लक्षणच आहे असे सांगून विक्रेते वेळ मारून नेतात. त्या मऊ जागेवर मुलाच्या हातातली वाटी पडली तरी प्राण जाऊ शकतो. शिवाय घुमटासारखे गोल कपाळ आणि बाहेर आलेले मोठे डोळे, ज्यांवर आपण भाळतो, ती काही वेळा कवटीत पाणी साठल्याची, जलशीर्षाची, खूण असते. ते पिल्लू गोल गोल फिरते, भिंतीकडे तोंड करून उभे राहते, शिकविलेले विसरते. घरातली माणसे त्याला वेंधळे समजतात.

गुडघ्याची वाटी जागची सरकणे, म्हणून चालता चालता एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारणे. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून ती चपटी होणे, म्हणून पट्टा ओढताच हंसासारखा घोगरा खोकला. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी, म्हणून जेवणानंतर येणारी गुंगी. हे सारे या कुळाच्या वाट्याला मोठ्या प्रमाणात आलेले आहे. आणि पुढच्या पायाचे हाड तर आगपेटीतल्या काडीहून थोडेसेच जाड. सोफ्यावरून मारलेली उडी, कडेवरून निसटणे, एवढ्याने ते मोडते. मनगटाजवळ त्या हाडाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे नुसत्या प्लास्टरने ते सांधत नाही, बारीक पट्टी बसवावी लागते. आपल्या तालुक्यांतील पशुवैद्यांचा दिवस अडलेल्या गाई, कासेचे आजार, शेळ्यामेंढ्यांच्या लसी यांत जातो, आणि तो त्यांनी तसाच घालवावा हेच येथील शेतकऱ्याच्या हिताचे आहे; तेव्हा असल्या शस्त्रक्रियेसाठी मंचरहून ६० आणि जुन्नरहून ९० किलोमीटर पुण्यास जावे लागते. दीड किलोच्या देहाला भूल देताना औषधाच्या एका थेंबाचाही हिशेब लागतो.

सर्वांत अधिक सोसते ती माता, आणि तिला कोणी पाहत नाही. ग्राहकाला पिल्लू दिसते, आई दिसत नाही. लहान कुत्रीच्या पोटात एक-दोनच पिले राहतात. एकच राहिले तर ते मोठे होते. डोके गोल, वाट अरुंद. बाळंतपण अडते, आणि पोट फाडल्यावाचून सुटका होत नाही. असे दोनतीनदा झालेली कुत्री पिंजऱ्यातून बाहेर न काढता पुन्हा माजावर येण्याची वाट पाहत ठेवतात. कायदा याविषयी मुका नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१७ मध्ये श्वानपैदास आणि विक्रीचे जे नियम झाले, त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि अठरा महिन्यांच्या आतील कुत्रीची पैदास करता येत नाही. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात तर ज्या पैदाशीने संततीस यातना होणार हे दिसते ती पैदासच निषिद्ध आहे. आपल्याकडे नियमांचा अंमल दप्तरापुरता राहतो, कारण मोबाइलवर फोटो पाहून, वाटेत गाडी थांबवून, टोपलीतून पिल्लू घेणारा ग्राहक नोंदणीचा दाखला मागत नाही. त्याने तो मागावा. पिलाची आई पाहण्याचा हट्ट धरावा. विक्रेता आई दाखविण्यास टाळाटाळ करू लागला तर हात हलवीत परत यावे. त्या एका पिलाची दया येऊन ते विकत घेणे म्हणजे त्याच्या आईला पुढचे वेत लावणे होय.

ज्यांच्या घरी असा जीव आधीच आलेला आहे त्यांनी त्याला दोष न देता सांभाळावे. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीपट्टा. लहान मुलांनी त्याला जमिनीवर बसूनच मांडीवर घेणे. थंडीत जमिनीपासून उंच, पण पडणार नाही असे अंथरूण. रोज दात घासणे. आणि माणसाची तापाची गोळी, अर्धी, पाव, कोणत्याही मापाने न देणे. या भागात आणखी एक: दिवस मावळल्यावर त्याला अंगणात एकटे सोडू नये, ओट्यावर बांधून तर मुळीच ठेवू नये.

आमच्या शेजारचे ते पिल्लू जगले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनाभर त्याला रात्री दोन वाजता उठून दूध-पेज पाजली गेली. आजीने ते आपल्या जुन्या शालीत, चुलीच्या उबेला ठेवले. मग ते वाढू लागले, आणि वाढतच राहिले. वर्षाच्या आत ते सहा किलोंचे झाले. टी-कपचा त्यात अंशही नव्हता, साधा पांढरा स्पिट्झ होता, कोणाच्या तरी घरातल्या वेतातला. आजीचा मुलगा म्हणाला, आपण फसलो. आजी म्हणाली, ‘‘फसलो ते बरंच झालं, हाडं तरी धड मिळाली बिचाऱ्याला.’’ आता संध्याकाळी उसाकडून वारा येऊ लागला की ते कान टवकारते, दोनदा भुंकते, आणि नात त्याला उचलून नव्हे, नुसती हाक मारून आत घेते.